काढू नका असं लिहिलेली ओळ

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. माझ्या बायकोला माझ्या सगळ्या खोडी तोंडपाठ आहेत — घोरण्यापासून ते पत्त्यांत हरल्यावर तोंड पाडून बसण्यापर्यंत — पण ही तिलाही ठाऊक नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. मी भित्रा आहे असं मला ओळखणारं कुणी म्हणणार नाही. चारचौघांत बोलायला, साहेबांशी वाद घालायला मला कधी जड गेलं नाही, आणि म्हणूनच तर हे प्रकरण इतकी वर्षं दबून राहिलं. माझ्यावर संशय यायचं कुणाला कारणच नव्हतं.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही.

मी देवरे, सटाण्याकडचा. नव्वदच्या दशकात नाशिकला शिकायला आलो, इंदिरानगरात चार पोरांत एक खोली घेऊन राहिलो आणि कॉम्प्युटरच्या नादी लागलो. पुढे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कंपनीत चिकटलो. कॉम्प्युटरच्या पोटात एक मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाकीचं सगळं त्याच्या जिवावर चालतं. आम्ही लिनक्स नावाचा तयार कर्नल घ्यायचो, त्यात आमचा स्वतःचा तुकडा घालायचो आणि सगळ्याची मिळून बिल्ड काढायचो. बिल्ड म्हणजे माणसाने लिहिलेलं मशीनला चालेल असं करून घेणं. हे काम कंपायलर करतो, आणि कंपायलर हा लग्नातल्या रुसक्या मामासारखा असतो. एक मान चुकला की अडून बसला, मग पुढचं सगळं ठप्प. तो का रुसला हे ओळखून त्याला उठवायचं — त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनेच सांगतो. बिल्ड फेल झाली की सगळ्या मजल्यावर एकच वाक्य असायचं, देवरे सरांना बोलवा. मी खुर्ची ओढून बसायचो, पडद्यावरच्या लाल चुका वरपासून वाचायचो आणि चहा येईपर्यंत बिल्ड निघालेली असायची. आजही माझ्यासमोर फेल झालेली बिल्ड आणून ठेवा, बघा.

कंपनी मालेगावच्या यंत्रमागांसाठी एक पेटी बनवायची. एका शेडमध्ये चोवीस माग, सगळ्यांवर मिळून एक पेटी. एखाद्या मागावर धागा तुटला की तिकडची खबर पेटीकडे यायची आणि पेटी तेवढाच माग बंद करायची. पेटीत दोन प्रोग्रॅम होते. खालचा, कर्नलमधला, चोवीस मागांची माहिती एकापुढे एक मांडून ठेवायचा. वरचा ती वाचून कुठला माग थांबवायचा ते ठरवायचा. आता एका मागाच्या माहितीला किती घरं लागतात, हे माप दोघांनी सारखंच धरायला हवं. खालच्याने दहा घरं मोजली आणि वरच्याने आठ, तर पहिल्या मागाचं नीट वाचलं जाईल, आणि पुढे मात्र याचं त्याला, त्याचं तिसऱ्याला. एवढं लक्षात ठेवा, पुढे अवघड काही नाही.

खालचा तुकडा काशिनाथने लिहिला होता.

काशिनाथ गभाले. घोटीच्या पलीकडे, डोंगरातल्या पाड्यावरचा. भात आणि नागली पिकवणारं घर, त्यातला हा पहिला डिप्लोमावाला. कंपनीत एक वर्षाच्या बोलीवर घेतलेला. वर्ष नीट गेलं तर कायम. कामाला वाघ. त्याची एक गंमत होती — तो कागदावर काही टिपायचा नाही. अमुक कुठे आहे विचारलं की मान वर न करता फाईलचं नाव आणि ओळीचा नंबर सांगायचा, आणि तो बरोबर निघायचा. पोरं मुद्दाम त्याची परीक्षा घ्यायची, वडापावाच्या पैजा लावायची. काशिनाथ प्रत्येक वेळी जिंकायचा आणि हसत म्हणायचा, "मीच लिव्हलंय ना, मंग मला नाय ठावं राहणार तर कोनाला?" त्याच्या हाय-नायला पोरं हसायची. मीही हसायचो. मी स्वतः घरी आईशी अहिराणीत बोलणारा, पण ऑफिसात माझी भाषा इस्त्रीची असायची.

या काशिनाथने कर्नलच्या तुकड्यात एक ओळ टाकली होती. फार हुशार ओळ. खालचं माप आणि वरच्याशी ठरलेलं माप जुळलं नाही तर ती ओळ कंपायलरला मुद्दाम अडवायची. उणे मापाचा डबा बनव म्हणून सांगायची. असा डबा कसा बनणार? कंपायलर ओरडायचा, बिल्ड फेल. म्हणजे चूक मालेगावला पोचायच्या आधी अंबडातच पकडली जाणार. वर त्याने इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत लिहून ठेवलं होतं — ही ओळ अडली तर दोन्हीकडचं माप जुळवा, ओळ काढू नका.

दोन हजार चार साली कर्नलची नवी आवृत्ती घ्यायची वेळ आली. जुन्या कर्नलमधल्या कितीतरी गोष्टींची नावं बदललेली, काही गायबच झालेल्या. पहिल्या बिल्डला शंभरावर चुका. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं शनिवारी देतो. त्याच आठवड्यात कारखानदारांना पाळीचा, म्हणजे शिफ्टचा, नंबरही हवा होता, म्हणून मी खालच्या तुकड्यात त्याच्यासाठी एक घर वाढवलं. वरच्या प्रोग्रॅममध्ये सोमवारी वाढवू म्हटलं. ते सोमवारचं काम माझं राहून गेलं.

शनिवारी दुपारी एकच चूक उरली होती. कंपायलर म्हणत होता, डब्याचं माप उणे आहे. साहेब दारात उभे, पेट्या न्यायला टेम्पो खाली उभा, आणि मी — शंभर चुका एकट्याने उपटलेला मी — त्या एकीपाशी अडलो होतो. मी फाईल उघडली. ओळ बघितली. तिच्यावरचं मराठी वाचलं.

हो, वाचलं. वाचलंच नव्हतं, असं मी कितीदा स्वतःला सांगून बघितलं आहे. ओळ काढू नका, हे मी वाचलं आणि ओळ काढली. वरचं मराठीही काढलं. काशिनाथ मागच्या टेबलावर बसला होता, दहा पावलांवर. त्याला हाक मारायला किती वेळ लागला असता? पण देवरे सर कुणाला विचारत नसत. देवरे सरांना विचारत.

बिल्ड निघाली. ऑफिसच्या मागे एक जुना माग ठेवलेला होता, त्याच्यावर पेटी लावून मी कात्रीने धागा कापला. माग थांबला. थांबणारच — एकच माग, म्हणजे पहिलाच. टाळ्या पडल्या, साहेबांनी सगळ्यांना मिसळ मागवली. मालेगावला पेट्या बसवतानाही आमच्या माणसाने तेच केलं. पहिल्या मागाचा धागा कात्रीने कापला, माग थांबला, सह्या झाल्या. धागा कापून दाखवायचा तर पहिल्याच मागाचा, हा आमचा रिवाजच होता. दाराजवळ असतो ना तो.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिथले एक कारखानदार स्वतः अंबडला येऊन थडकले. आम्ही त्यांना हाजीसाहेब म्हणायचो. गोड बोलणारा माणूस, पण त्या दिवशी खुर्चीवरसुद्धा बसले नाहीत. "देवरे भाई, सात नंबरपे धागा टूटता और बंद होता नौ नंबर. सातवाला वैसाच बुनते जाता. ये मशीन है के मजाक?" हातात कापडाचा ताका होता. टेबलावर उलगडून दाखवला. मधे हातभर लांबीचा विरविरीत पट्टा, तुटल्या धाग्याने विणलेला.

त्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आत मला सगळं कळलं होतं. सात आणि नऊ. माप सरकलं होतं.

साहेब सिन्नरला गेले होते, ते जेवणाच्या सुमाराला आले. आम्हाला दोघांना केबिनमध्ये बोलावलं. कर्नलचा तुकडा काशिनाथचा, म्हणून पहिला प्रश्न त्याला. तो मुळीच घाबरला नव्हता. उलट सुटकाच झाल्यासारखा बोलला, "साहेब, ह्ये व्हऊच शकत नाय. माप हुकलं तर बिल्ड निघत नाय. मी तशी लाइन टाकलेली हाय." आणि नेहमीसारखा फाईलचं नाव आणि नंबर सांगून मोकळा झाला.

साहेबांनी मुख्य प्रत उघडायला सांगितली. मुख्य प्रत माझ्या मशीनवर असायची. नवी बिल्ड निघाली की सगळ्यांनी आपलं जुनं पुसून माझी प्रत घ्यायची, हा नियमही माझाच. त्या नंबरावर ती ओळ नव्हती. काशिनाथ पडद्याकडे वाकला. वर-खाली करून बघितलं. मग म्हणाला, "नव्या कर्नलच्या वक्ताला गेली आसंल. शनवारच्या सीड्या बघा साहेब, जुन्या."

दर शनिवारी आम्ही सगळा कोड एका सीडीवर घालून कपाटात ठेवायचो, वर मार्करने तारीख. साहेबांनी नव्या कर्नलच्या आधीच्या सीड्या काढल्या; कपाटात तशा सहाच होत्या, त्याहून जुन्या आम्ही टाकून द्यायचो. एक लावली, ओळ नाही. आधीची लावली, नाही. त्याच्या आधीची — नाही. सहा सीड्या झाल्या. काशिनाथचा चेहरा मी बघत होतो. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो गोंधळला होता. घराच्या कोनाड्यात हात घालावा आणि तिथे कोनाडाच नसावा, तसा.

साहेब माझ्याकडे वळले. "देवरे, तुमच्या हाताखालून सगळं जातं. अशी ओळ होती का?"

मी म्हणालो, "नव्हती."

हे सांगायला मी इतका वेळ घेतला, पण खरी गोष्ट अजून एक पायरी खाली आहे. तुमच्या लक्षात आलं असेल. सीड्यांवर ओळ का नव्हती?

हाजीसाहेब दहाला आले, साहेब साडेबाराला. ते मधले अडीच तास माझे होते. हाजीसाहेबांना चहा दिला, गोड बोलून वाटेला लावलं आणि मी माझ्या टेबलाशी येऊन बसलो. जुन्या प्रती एकेक करून उघडल्या आणि प्रत्येकीतून ती ओळ काढली. मग सहा कोऱ्या सीड्या घेतल्या, त्यांवर ह्या साफ केलेल्या प्रती घातल्या, मार्करने त्याच जुन्या तारखा लिहिल्या आणि खऱ्या सीड्या बॅगेत टाकल्या. काशिनाथ तेव्हाही दहा पावलांवरच बसला होता. एकदा उठून आला आणि विचारून गेला, "सर, सीडी मी घालू का? तुम्ही कशाला करता?" मी म्हटलं, राहू दे.

हात थरथरला का? नाही. घाम फुटला का? नाही. मी ते काम जसं करतो तसं केलं, नीट, वरपासून खालपर्यंत, काही न सोडता. घाबरून तोंडातून एक शब्द निसटला असता तर ती वेगळी गोष्ट असती. माझा तो शब्द अडीच तास आधी तयार होता. मला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

आणि साहेबांनी माझ्यावर विश्वास का ठेवला? माझं काम चांगलं होतं, हे झालंच. पण काशिनाथ हाय-नाय करत बोलायचा, त्याच्या डब्यात नागलीची भाकरी असायची, तो पाड्यावरचा होता — अशा माणसाकडून एखादी ओळ राहिली असेल हे कुणालाही चटकन पटलं. मला ते ठाऊक होतं. केबिनमध्ये जाताना मी ते धरूनच चाललो होतो.

काशिनाथला महिनाअखेर कायमची रजा दिली. वर्ष पुरं व्हायला दोन महिने होते. जाताना तो सगळ्यांना भेटला, माझ्याही टेबलाशी आला. "सर, मी टाकली व्हती वाटत व्हतं," एवढंच म्हणाला. मी त्याचा हात हातात घेतला. हो, तेही केलं.

त्याच आठवड्यात मी मालेगावला जाऊन एका दुपारी सगळ्या पेट्या दुरुस्त केल्या. वरच्या प्रोग्रॅममध्ये राहिलेलं एक घर वाढवलं, झालं. परत आलो आणि कर्नलच्या तुकड्यात काशिनाथची ओळ जशीच्या तशी पुन्हा घातली. साहेबांना दाखवली, अशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून मी ही युक्ती काढली आहे म्हणून सांगितलं. साहेब खूश. पुढे तो कंपनीचा नियमच झाला. दोन प्रोग्रॅम जिथे एकमेकांशी बोलतात तिथे ही ओळ हवीच. नवी पोरं तिला देवरे चेक म्हणायला लागली. देवरे चेक लावला का रे? देवरे चेकला अडलंय सर. मी विभागाचा प्रमुख झालो. त्या ओळीवर मी पुण्याच्या एका कॉलेजात व्याख्यान दिलं आहे. पोरांना सांगितलं, फेल झालेली बिल्ड शत्रू नसते, तिचं ऐका. चांगलं बोललो. पोरांनी वह्यांत लिहून घेतलं.

मला झोप लागत नव्हती वगैरे मी सांगणार नाही. लागत होती. घर झालं, मुलगी झाली, काम वाढलं. काशिनाथ कधीतरी आठवायचा, की मी दुसरं काहीतरी काढायचो. तो हुशार आहे, त्याला कुठेही नोकरी मिळाली असेल, असं मी धरून चाललो होतो. मिळाली का, हे विचारायचं मात्र टाळत राहिलो.

पाच-सहा वर्षांनी, बायकोबरोबर घोटीला तांदूळ घ्यायला गेलो होतो. वर्षाचा तांदूळ आम्ही तिथूनच आणतो. ती व्यापाऱ्याकडे वास घेऊन, दाताखाली धरून पारखत बसली आणि मी रस्त्यावर फिरत राहिलो. पाण्याच्या मोटारी भरून देणारं एक दुकान दिसलं, जळक्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळतात तसलं. आत काशिनाथ बसला होता.

त्यानेच ओळखलं. "देवरे सर! या ना, बसा." स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. अंगाने सुटला होता, केस विरळ झाले होते. माझी चौकशी केली, साहेबांची केली, मनापासून. हातातलं काम चालूच होतं. तो तारेचे वेढे घालत होता, आणि दर दहा वेढ्यांना शेजारच्या पाटीवर खडूने एक रेघ ओढत होता. तारेची गुंडी पुरी झाली. त्याने रेघा मोजल्या. मग तार बोटाने धरून वेढे पुन्हा मोजले. मग पाटी पुसली आणि तिसऱ्यांदा मोजले.

मी म्हटलं, तुला कधीपासून लिहून ठेवायला लागतं? म्हटलं आणि जीभ चावली.

तो हसला. "तवापासूनच, सर. तिथून निघालो तर पुण्याला लागलो व्हतो एका ठिकाणी. पर माझं लिव्हलेलं मलाच खरं वाटंना. एक लाइन लिव्हायची आन धा वेळा उघडून बघायची, हाय का गेली. त्ये लोक तरी किती दिस ठेवतील? ह्यात बरं हाय. वेढा डोळ्याम्होरं राहतो, कवाबी मोजता येतो." खडू ठेवला. मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, एखादा जुना हिशेब राहिलेला विचारावा तसं विचारलं, "सर, आता काय त्याचं व्हायचं नाय. पर खरं सांगा. ती लाइन व्हती का?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. साहेब नव्हते, नोकरी पणाला नव्हती, माझं काही म्हणजे काही जाणार नव्हतं. फार तर त्याने मला हाकलून दिलं असतं. चार अक्षरांचं वाक्य होतं — ओळ होती. मला ते म्हणता येत होतं. तोंड कोरडं पडलं, शब्द फुटेना, असलं काही झालं नाही.

मी म्हणालो, "नव्हती रे, काशिनाथ."

त्याने मान हलवली. एकदा, दोनदा. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. कुणीतरी एकदाचं नक्की सांगितलं याचं समाधान होतं. "बरं झालं सर, सांगितलं," तो म्हणाला. "मंग माझ्याच डोक्यात फरक हाय. मला इतकी वर्सं वाटत राह्यलं का व्हती." आणि गुंडी उचलून त्याने पुन्हा पहिल्यापासून वेढे मोजायला घेतले.

मी चहा संपवला. बाहेर बायको हाक मारत होती, तांदूळ गाडीत चढला होता.

ओळ होती. त्याने जी जागा सांगितली, तिथेच होती. मी तिची जागा आणि नंबर आजही न बघता सांगू शकतो. त्याला सांगितलेलं नाही.